शाळा आणि घर : पुस्तकांतील शेवटचा धडा

दिवाळीची सुटी संपून शाळा भरूं लागल्या कीं आमच्या गांवच्या हायस्कुलांत विज्ञान शिकविणाऱ्या बाईंचें पत्रक घरोघरीं जातें. गेल्या महिन्यांत वर्गांत काय झालें, पुढें काय व्हावयाचें आहे आणि घरच्या मंडळींनीं मुलांस कोणतें साहाय्य करावें, एवढाच मजकूर त्यांत असतो. हल्लीं हें पत्रक मोबाईलवर येतें. परंतु आम्हांस कागदाची संवय, म्हणून बाई आमच्याकरितां एक प्रत हातानें लिहून देतात व तिची भाषा तपासून मागतात. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन-चार चुकांपलीकडे आम्हांस त्यांत कांहीं सांपडत नाहीं. बाकी विज्ञानाच्या बाबतींत आतां त्याच आम्हांस शिकवितात, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या वेळचें पत्रक आम्हीं दोनदां वाचलें, आणि ह्या महिन्याचें सदर त्याच्यावरच लिहावें असें ठरविलें.

दहावीच्या विज्ञानाचीं पुस्तकें २०१८ सालापासून चालत आलेलीं आहेत. भाग दोन व प्रत्येक भागांत दहा धडे. पहिल्या सत्रांत गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचें आवर्ती वर्गीकरण, विद्युत्, उष्णता हे धडे झाले. त्यांविषयीं आज लिहीत नाहीं. आतां भिंगांचा धडा येतो. त्याकरितां प्रयोगशाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आजोबांचा चाळिशीचा चष्मा मागून घ्यावा (वरखालीं दोन भिंगें जोडलेला नको, साधा हवा), खोलींतील दिवा मालवावा व खिडकीसमोरच्या भिंतीपुढें चष्मा धरून तो मागेंपुढें सरकवावा. एका जागीं बाहेरचें झाड भिंतीवर उलटें उमटेल. चष्म्याचा नंबर अधिक २ असेल तर भिंगापासून भिंतीचें अंतर अर्ध्या मीटराच्या आसपास भरतें; अधिक १ असेल तर एक मीटर. नंबर म्हणजे मीटरांत मोजलेल्या नाभीय अंतराचा व्यस्त, ही व्याख्या एकदां अशी डोळ्यांनीं पाहिली म्हणजे पाठ करावी लागत नाहीं. लांबचें न दिसणाऱ्याचा उणे नंबराचा चष्मा भिंतीवर असें चित्र कां पाडीत नाहीं, हें मुलांनीं घरच्यांस समजावून द्यावें. भिंगांतून सूर्याकडे मात्र कोणासहि पाहूं देऊं नये.

धातूंच्या धड्यास देवघरांतील ताम्हन पुरे. तांब्यावर चढणारा हिरवट थर कार्बोनेटाचा व तो चिंचेच्या आम्लानें जातो, हें आजी सणासुदीस सिद्ध करून दाखवितात. समीकरण तेवढें लिहीत नाहींत. माळ्यावर एखादें कल्हईचें पितळी पातेलें पडलें असेल तर तें खालीं काढून दाखवावें, म्हणजे ताक कळकूं नये म्हणून कथिलाचा तो पातळसा थर काय काम करी हें कळेल. सूक्ष्मजीवांच्या धड्यासाठीं विरजणाच्या दोन वाट्या, एक चुलीशेजारीं व एक थंड जागीं ठेवावी. अवकाश मोहिमांचा धडा मुलें आपण होऊनच वाचतात. तेथें वडिलांनीं लुडबूड न करणें बरें.

राहतां राहिला दुसऱ्या भागाचा दहावा धडा, ‘आपत्ती व्यवस्थापन’.

शेवटच्या धड्याचें दैव बहुतेक पुस्तकांत सारखेंच. तोंवर परीक्षा जवळ आलेली असते, उजळणी सुरू झालेली असते, आणि मास्तर म्हणतात, ‘हा धडा घरीं वाचून या.’ आम्हीं आमच्या नोकरींत हें वाक्य किती वर्गांपुढें उच्चारलें असेल, त्याची गणती नाहीं. बाईंनीं ह्या वर्षीं तो धडा शेवटून उचलून सत्राच्या आरंभीं आणला आहे, आणि त्यावर घरीं करावयास दोन कामें दिलीं आहेत. पहिलें, घरांतील ज्या माणसास १९९३ सालचा भूकंप आठवतो त्यास विचारून दोन पानें लिहून आणणें. दुसरें, एक गणित. तें पुढें सांगूं.

पत्रक जातांच दोन-तीन घरांतून कुरकुर आली. एका वृद्ध गृहस्थांनीं तर आम्हांस देवळाच्या वाटेवर गांठून म्हटलें, “गुरुजी, तुमच्या बाईंना सांगा, पोरांना तें कशाला पाहिजे? आम्ही तीस वर्षं तोंडांतून काढलं नाही.” आम्हीं त्यांस तेथें उत्तर दिलें नाहीं. भर रस्त्यांत देण्यासारखें तें नव्हतें. येथें देत आहों.

हें मासिक दूरदूर जातें, म्हणून इतर जिल्ह्यांतील वाचकांसाठीं चार शब्द. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारें ६.२ होती. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती; गणपति पोंचवून लोक उशिरां निजले होते. तिकडे किल्लारी, इकडे आमच्या बाजूस सास्तूर, अशीं भरलीं गांवें मिनिटाच्या आंत मातीचे ढिगारे झालीं. सरकारी गणनेंत मृत सुमारें आठ हजार. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. मागाहून ५२ गांवें मूळ जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. आज दहावींत असलेल्या मुलांचे आईबाप त्या वेळीं स्वतः लहान मुलें होते.

आतां आमची गोष्ट. तेव्हां आम्ही उमरगा तालुक्यांतील एका गांवीं सातवीचा वर्ग सांभाळीत होतों. संस्कृताची आवड, पण खेड्यांतल्या शाळेंत मास्तरास सारेंच शिकवावें लागतें. भूगोल व विज्ञानहि आमच्याचकडे. भूकंपाच्या आधीं वर्षभर, १९९२ च्या ऑगस्टापासून, किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसत होते. जमिनींतून गाडी गेल्यासारखा आवाज येई, भांडीं वाजत. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतल्या त्यांत मोठा होता. कांहीं घरचीं माणसें अंगणांत निजूं लागलीं. त्या दिवसांत वर्गांतल्या एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, आपल्याकडं भूकंप व्हतो का?”

आम्हीं काय सांगितलें, तें अजून शब्दशः आठवतें. दख्खनचें पठार कठीण काळ्या दगडाचें आहे, भूकंप होतात ते हिमालयाकडे, आपली जमीन स्थिर आहे. वर आणखी विद्वत्ता पाजळली. अमरकोशांत पृथ्वीला ‘अचला’ व ‘स्थिरा’ अशीं नांवें आहेत, तीं फळ्यावर लिहून दिलीं. मुलांनीं तीं वहींत उतरून घेतलीं.

आम्हीं खोटें सांगितलें नव्हतें. त्या वेळचीं पुस्तकें तसेंच म्हणत. देशाच्या भूकंपविभागांच्या तेव्हांच्या नकाशांत हा सारा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आम्हांस ठाऊक होता, आणि कोयनाहि ह्याच काळ्या दगडावर आहे. पण तेथें मोठें धरण होतें, तेव्हां धरणाकडे बोट दाखवून सगळेच मोकळे झाले होते. आम्हीहि झालों. मुलानें विचारलेला प्रश्न मात्र पुस्तकांतला नव्हता. त्याच्या घरांत वाजणाऱ्या भांड्यांविषयींचा होता. ‘पुस्तक असें म्हणतें, पण भांडीं वाजतात हेंहि खरें; कां तें मला ठाऊक नाहीं,’ एवढें उत्तर प्रामाणिक झालें असतें. तें आम्हांस सुचलें नाहीं. मास्तरास ‘ठाऊक नाहीं’ हे दोन शब्द फार जड जातात.

पुढें धक्के विरळ झाले, पावसाळा आला, अंगणांत निजणारीं माणसें घरांत निजूं लागलीं. एका मास्तराच्या शब्दावर गांव आंत-बाहेर निजत नाहीं, हें आम्हांस कळतें. तरी त्या मुलानें घरीं जाऊन ‘गुरुजी म्हणाले, आपली जमीन स्थिर आहे’ असें सांगितलें होतें, हें त्याच्या चुलत्याकडून आम्हांस मागाहून समजलें. तो मुलगा वांचला. त्याची आजी व धाकटी बहीण वांचल्या नाहींत. पुढें तो आम्हांस अनेकदां भेटला, वाकून नमस्कार करी. त्यानें तो विषय कधीं काढला नाहीं, आणि आम्हींहि नाहीं. ‘तीस वर्षं तोंडांतून काढलं नाही’ असें म्हणणारे ते गृहस्थ एकटे नाहींत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपावर एक अध्याय आहे. त्यांत तो आरंभीं इतरांचीं मतें सांगतो: कोणी म्हणतात समुद्रांतील महाकाय प्राण्यांमुळें पृथ्वी हालते, कोणी म्हणतात भार वाहणारे दिग्गज थकून विसावा घेतात म्हणून, कोणी वायूवर वायु आदळण्यास कारण मानतात, कोणी अदृष्टास. आज त्यांतलें एकहि मत टिकत नाहीं. परंतु विद्वानांचें ह्या बाबतींत एकमत नाहीं, हें तो विद्यार्थ्यांपासून लपवीत नाहीं. आम्हीं तो अध्याय भूकंपाच्या फार आधीं वाचला होता. त्यांतून वर्गांत काय न्यावयाचें, तें मात्र उशिरां कळलें.

जमिनीविषयीं आज अधिक समजलें आहे. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनीं किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडून पाहिलें. आपण ज्याच्या भरंवशावर होतों तो काळा बेसाल्ट सुमारें ३३८ मीटरांपर्यंतच लागला. त्याखालीं त्याच्याहून फार जुना, ग्रॅनिटाच्या जातीचा खडक. म्हणजे हा काळा दगड वरचें पांघरूण आहे. भारताचा सारा भूखंड वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयापाशीं रेटला जात आहे; त्या रेट्याचा ताण येथवर पोंचतो आणि खालच्या जुन्या खडकांतील एखादी भेग शतकानुशतकें स्वस्थ राहून एके दिवशीं सरकते. निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचा त्यांत कांहीं हात होता काय, ह्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद झाले. नकाशाहि बदलला: २००२ सालीं पहिला विभागच काढून टाकण्यांत आला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागांत गेला. ‘स्थिरा’ हें नांव कोशांत राहो. वर्गांत आतां तें तसें सांगतां येणार नाहीं.

(जातां जातां एक आठवण. आमचे वडील निजामी अमदानींत उर्दूंतून शिकलेले. ते भूकंपास ‘जलजला’ म्हणत. वर्गांत ‘भूकंप’ शिकून घरीं यावें तों वडील भलताच शब्द वापरीत, आणि दोन्ही एकच आहेत हें कळण्यास आम्हांस बरेच दिवस लागले. शाळेंतला शब्द व घरांतला शब्द यांची गांठ कोणीतरी घालून द्यावी लागते.)

आतां तें गणित. ६ हून अधिक तीव्रतेचे भूकंप जगांत दरवर्षीं शंभराहून अधिक होतात, आणि त्यांतील बहुतेकांत एकहि माणूस दगावत नाहीं. मग येथेंच एवढीं माणसें कां गेलीं? बाईंनीं मुलांस दिलेलें उदाहरण असें: खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, वर माळवद, मातीची जाडी अर्धा मीटर, एक घनमीटर माती सुमारें १.६ टन, तर निजलेल्या माणसांच्या डोक्यावर भार किती? मुलांनीं आंकडे मांडून पाहावें. उत्तर ९.६ टन येतें. तेवढ्या वजनाचें धान्य छपरावर रचून त्याखालीं अंथरूण घालावें, तशी ही गोष्ट.

आपले पूर्वज मूर्ख नव्हते. आमच्याकडच्या उन्हाळ्यांत माळवदाखालची खोली गार राहते, तशी पत्र्याखालची किंवा स्लॅबाखालची राहत नाहीं. गळती थांबविण्यासाठीं पावसाळ्याआधीं वर पांढऱ्या मातीचा नवा थर देत. जुना कोणी काढीत नसे. अशा रीतीनें आजोबांच्या थरावर नातवाचा थर चढत गेला. भिंती दोन-तीन फूट रुंद, दगडाच्या. पण आंतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्यें दगडगोटे व माती. दोन पदरांस आरपार बांधणारे लांब दगड क्वचित् असत. जमीन हालली तेव्हां दोन पदर एकमेकांपासून सुटले, भिंत पोट फुगून फुटली आणि वरचा भार मोकळा झाला. जेथें लांकडी खांब व तुळया धड होत्या, तेथें कांहीं घरांत भिंती बाहेर कोसळूनहि माळवद खांबांवर तसेंच उभें राहिलें व आंतलीं माणसें चालत बाहेर आलीं. जडत्वाचा नियम सातवी-आठवींतला. तो आम्हीं गाडी एकदम थांबली असतां उतारू पुढें झुकतो, ह्या उदाहरणानें शिकवीत असूं. गाडी दूर होती. भिंत वर्गाचीच होती.

म्हणून त्या वृद्ध गृहस्थांस आमचें उत्तर असें कीं मुलांस भय नको, हें खरें. परंतु भय आम्हांस आहे, मुलांस नाहीं. त्यांना ठाऊकच नाहीं, आणि त्यांतच धोका आहे. आमच्या डोळ्यांदेखत गांवांत जुन्या दगडमातीच्या भिंतींवर नवे स्लॅब पडत आहेत, मजल्यावर मजले चढत आहेत. दारेंखिडक्यांच्या वरून घराच्या साऱ्या भिंतींस एकत्र बांधणारा सळ्यांचा सिमेंटी पट्टा घाला म्हटलें, तर गंवडी म्हणतो, ‘इतकी वर्षं काय झालं?’ घरधनीहि मान डोलावतो. इतकीं वर्षें काय झालें, हें ज्यांनीं पाहिलें तेच घरांत गप्प बसले आहेत. दहा वर्षांनीं हींच मुलें घरें बांधतील. गंवड्यास उत्तर कोण देणार?

बाईंच्या पत्रकांत आणखी थोडें आहे, तें येथें देतों. मुलांनीं घरांत एक फेरी मारून खाटेच्या वर काय काय आहे तें पाहावें: माळ्यावरचे हंडे, भिंतीस न जखडलेलें कपाट, फळीवरच्या बरण्या. जड वस्तु खालीं आणाव्यात. गॅसचें बटण व विजेची मुख्य कळ अंधारांतहि हातास सांपडली पाहिजे, आणि ती घरांतील प्रत्येकास बंद करतां आली पाहिजे. फक्त पुरुषांस नव्हे. पक्क्या घरांत धक्का बसत असतां जिन्याकडे धांवूं नये, भक्कम मेजाखालीं शिरून डोकें झांकावें. जुन्या माळवदाच्या घरांत गोष्ट वेगळी. दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्यावर यावें. बाहेर कोठें जमावयाचें, ती जागा आधींच ठरवून ठेवावी.

मुलांस आवडेल असेंहि एक आहे. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण सौम्य, दुसरी मागाहून येणारी व अधिक हालविणारी. दोहोंमधील सेकंद मोजून त्यांस आठानें गुणावें, म्हणजे केंद्राचें अंतर किलोमीटरांत अदमासें मिळतें. किल्लारीपासून सुमारें पन्नास किलोमीटर दूर असलेल्या धाराशिवास असे सहा सेकंद मिळतात. सास्तुरास मिळण्यासारखे नव्हतेच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद तिहींनीं भागून तिचें अंतर काढतात, त्याच्याच जातीची ही युक्ति आहे, आणि ती पावसाळ्यांत कोणासहि करून पाहतां येईल.

दोन पानें लिहून आणण्यास बाईंनीं महिनाअखेरची मुदत दिली आहे. भाषा घरचीच असावी, शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहींत, असें त्यांनीं मुद्दाम कळविलें आहे. आम्हीं त्यास संमति दिली, कांहींशा नाइलाजानें. सांगणाऱ्यास बोलतां बोलतां थांबावेंसें वाटलें तर मुलांनीं पुढें विचारूं नये, पान अर्धें राहिलें तरी चालेल. ज्या घरीं त्या रात्रीविषयीं बोलणारें कोणी उरलें नसेल, किंवा ज्यांच्यानें बोलवत नसेल, त्या घरच्या मुलास आमच्याकडे पाठवावें. संध्याकाळीं दिवेलागणीपर्यंत आम्ही ओट्यावरच असतों. येतांना त्यानें वही आणावी.